खोट्या संकेतांचा राखणदार

माझ्या नवऱ्याला खोटं बोलण्याचा पगार मिळायचा. लग्नाकार्यात कोणी "तुमचे मिस्टर काय करतात?" असं विचारलं की मी हेच उत्तर द्यायचे. मग समोरचा माणूस वकील, पुढारी, विमा एजंट असे सगळे अंदाज करून दमायचा. माझी मोठी नणंद तेवढी हसायची नाही. "आमच्या उन्मेषला खोटं बोलायला ठेवलंय?" ती म्हणायची. "अगं, लहानपणी ह्याने डब्यातला एक लाडू खाल्ला तरी घरभर कळायचं. लाडू पोटात आणि अपराध तोंडावर!"

नणंदेचं अगदी खरं होतं. पण वेधशाळेत हे कोण सांगणार?

वेधशाळा माणदेशात, कुरणवाडीच्या माळावर. पाच-सहा किलोमीटरच्या परिसरात पाचशेच्या वर अँटेना पसरलेल्या. गावातले लोक त्यांना छत्र्या म्हणतात, आणि ज्या गावात पाऊस नाही तिथे एवढ्या छत्र्या कशाला, हा तिथला जुना विनोद आहे. आमच्या हद्दीत मोबाइल चालत नाही, मायक्रोवेव्ह चालत नाही, फोन सगळे तारेचे. आकाशातून येणारी कुजबुज ऐकायची तर आपण तोंड बंद ठेवावं लागतं. मी तिथे वीस वर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होते.

ती गोष्ट काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, तेव्हा थोडं सोसा.

आकाशात कुठे ना कुठे सारखे रेडिओस्फोट होत असतात. एक स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, पण तेवढ्यात आपला सूर्य कित्येक दिवसांत जेवढी ऊर्जा टाकेल तेवढी टाकून मोकळा होतो. तो कशाचा होतो हा वेगळा विषय. मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, मला देणंघेणं होतं ते वाटेशी. स्फोटाच्या सगळ्या लहरी घरून एकदमच निघतात, पण पोचतात मागेपुढे. वऱ्हाडासारखं असतं ते. तरणी पोरं पुढे, गुडघेदुखीवाले मागे, आणि वाट जितकी खडकाळ तितकं अंतर वाढत जातं. मांडवात बसल्या बसल्या नुसतं हे अंतर बघून वाटेत खडक किती होते ते सांगता येतं. इथे खडक म्हणजे आकाशगंगांच्या मधल्या पोकळीत सुटे फिरणारे इलेक्ट्रॉन. कमी कंपनसंख्येच्या लहरी त्यांच्यामुळे रखडतात. किती रखडल्या ते मोजलं की इलेक्ट्रॉन मोजले.

आता खरी गंमत पुढे आहे. विश्व अगदी कोवळं असताना हे इलेक्ट्रॉन सुटे नव्हतेच. सगळे हायड्रोजनच्या घरात गप्प बसलेले, आणि सगळीकडे काळोख. मग पहिले तारे पेटले आणि त्यांच्या प्रखर किरणांनी इलेक्ट्रॉनांना घराबाहेर काढलं. हे नेमकं कधी घडलं, हळूहळू की भराभरा, यावर आमच्या धंद्यात भल्याभल्यांची डोकी फुटली आहेत. पण त्या काळातला एक रेडिओस्फोट सापडला, त्याचं अंतर कळलं आणि त्याच्या वाटेवरचे इलेक्ट्रॉन मोजता आले, तर विश्वातला पहिला दिवा कधी लागला ते सांगता येईल. मला तो एक हवा होता.

एवढ्या लांबचा स्फोट फार क्षीण असणार. म्हणून मी भिंग धरलं होतं. वाटेत आकाशगंगांचा एखादा प्रचंड गुच्छ असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पलीकडचं मोठं दिसतं. असा एक गुच्छ मी निवडला आणि दुर्बिणीचा जो मोकळा वेळ मिळेल तो त्याच्यावर खर्च केला. वेधशाळेत त्याला 'केतकीचं माहेर' म्हणायला लागले, कारण सवड मिळाली की मी तिकडे. अशा भिंगाची आणखी एक गंमत असते. लहरींना त्यातून दोन वाटा फुटतात, एक जवळची, एक वळशाची. म्हणजे एकच स्फोट दोनदा ऐकू येतो, मधे काही दिवसांचं अंतर ठेवून. पहिल्यांदा ऐकू आला की दुसऱ्यांदा साधारण कधी येईल ते गणिताने सांगता येतं.

आणि आता माझा नवरा.

जे लोक वर्षानुवर्षं एकाच गोष्टीची वाट बघतात त्यांना ती नसताना दिसू लागते, किंवा असून दिसेनाशी होते. म्हणून आमच्याकडे अधूनमधून खोटे संकेत पेरतात. हुबेहूब रेडिओस्फोटासारखा आकडेवारीचा तुकडा बनवायचा आणि यंत्रात सोडायचा. तो आम्हाला सापडतो का, सापडला तर आम्ही त्याचं मोजमाप नीट करतो का, ही आमची परीक्षा. हे खोटे संकेत बनवणारा एकच माणूस असतो, त्याला राखणदार म्हणतात. तो खोटं बनवून यंत्राच्या हवाली करतो, पण ते कधी सोडायचं हे यंत्र स्वतःच्या मनाने ठरवतं, राखणदारालाही सांगत नाही. सगळ्याची नोंद एका कुलूपबंद फाईलमध्ये होते. तिला आम्ही पेटी म्हणतो. पेटी मार्चअखेर उघडायची, त्याआधी नाही. आधी उघडली तर वर्षभराची परीक्षा रद्द, आणि परीक्षा रद्द म्हणजे त्या वर्षाचा एकही निष्कर्ष कोणी मानायचा नाही. तोवर प्रत्येक संकेत खरा समजून काम करायचं.

उन्मेष नऊ वर्षं राखणदार होता. सरळमार्गी, नाकासमोर चालणारा, म्हणूनच त्याला नेमलं होतं. त्या कामात तो फार हुशार निघाला. "खोटं कसं असावं," तो एकदा मला म्हणाला होता, "ज्याला जे हवंय, तेच त्याच्या पुढ्यात ठेवणारं." मी म्हटलं, "म्हणजे माझ्या माहेरी पेरणार." तो लगेच उठून गॅलरीतले कपडे काढायला गेला. आमचं ठरलेलंच होतं. घरात जगातलं सगळं बोलायचं, एवढं सोडून. संसारात एक गुपित असायला माझी हरकत नव्हती. उलट शेजारणींच्या नवऱ्यांची गुपितं ऐकली की माझं बरंच स्वस्त वाटायचं.

तो संकेत नोव्हेंबरात आला. सकाळचे चहाचे कप अजून टेबलावर होते. फरीदा तांबोळी धावत आली. ती माझ्या गटातली सगळ्यात तल्लख मुलगी, साताऱ्याची. मुलगी म्हणायची सवय, नाहीतर तिची स्वतःची लेक शाळेत जाते. फोन करायचा सोडून ती धावत आली म्हणजे काहीतरी भलतंच असणार हे मी ओळखलं.

"मॅडम, माहेरी!" एवढंच म्हणाली.

पडद्यावर ती लहर मी पाहिली. वरच्या कंपनसंख्या आधी, मग खालच्या, मग त्याखालच्या. सगळं वऱ्हाड पोचायला जवळजवळ दोन मिनिटं. एवढी खडकाळ वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती. जागा तपासली तर गुच्छाच्या बरोबर मागे एक फिकट ठिपका. त्या ठिपक्याचं अंतर अवकाशातल्या दुर्बिणीने काही वर्षांपूर्वीच मोजून ठेवलं होतं. आज विश्वाचं वय जवळजवळ चौदाशे कोटी वर्षं. ही लहर निघाली तेव्हा ते तीस कोटी वर्षांचंही नव्हतं.

फरीदाने माझा हात घट्ट धरला. "मॅडम, तुम्ही रडताय."

"तूही रडतेयस," मी म्हटलं. "आणि खोटा असेल तर दोघी मूर्ख ठरू."

खोटा असण्याची भीती आम्हाला फुकटची नव्हती. तीन वर्षांपूर्वी असाच एक संकेत आला होता. त्या वेळच्या संचालकांनी उत्साहाच्या भरात जगभर सूचना धाडली, आणि पाच देशांच्या दुर्बिणींनी आपापली कामं टाकून आमच्या सांगण्यावरून आकाशाचा रिकामा कोपरा बघितला. मार्चमध्ये पेटी उघडली तेव्हा तो उन्मेषचा निघाला. परिषदांमधून आमच्यावर विनोद झाले. संचालक राजीनामा देऊन गेले. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, तसा त्यानंतर नियम झाला की सूचना धाडायची की नाही हे गटप्रमुखाने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं, आणि पुण्याच्या कार्यकारिणीपुढे तसं सांगायचं. गटप्रमुख मी होते.

गणित सांगत होतं की दुसरी लहर अडीच-तीन आठवड्यांत येईल. आमच्या माळावरून तो गुच्छ दिवसाचे काही तासच दिसतो. बाकीच्या वेळी ऐकायचं तर ऑस्ट्रेलियाने, आफ्रिकेने, युरोपने कान द्यायला हवा. आणि त्यांनी ऐकलं तर शंकेला जागाच उरणार नव्हती, कारण आमच्या राखणदाराचं खोटं फक्त आमच्या यंत्रात शिरतं, जगाच्या नाही. दुसरी लहर हाच खऱ्याचा पुरावा होता.

"धाडू या ना, मॅडम," फरीदा म्हणाली. "जाऊन जाऊन काय जाईल? लोक हसतील. हसू देत."

"धाडू या," मी म्हटलं. मी खरोखर ठरवलं होतं.

बैठकीआधीचे ते चार दिवस घरी उन्मेष विचित्रच वागत होता. मी बोलायला लागले की भांडी घासायला जायचा. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचा. वेधशाळेत तर बातमी सगळ्यांना कळलेली होती, त्यालाही. कॅन्टीनमध्ये लोक माझं अभिनंदन करत होते तेव्हा तो चहाचा कप घेऊन लांबच्या टेबलावर बसला. मी मनाला बजावत होते की बाई, त्याच्याकडे बघू नकोस. राखणदाराच्या बायकोने एवढं पथ्य पाळायलाच हवं. पण सव्वीस वर्षं ज्याच्यासमोर जेवले त्याच्याकडे न बघता कसं जेवायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुण्याला जायच्या दिवशी फरीदा गाडी घेऊन खाली थांबली होती. आमच्या घरी महत्त्वाच्या कामाला कोणी निघालं की हातावर दही-साखर द्यायची. हे सासूबाईंचं, त्यांच्यामागे उन्मेषने चालवलेलं. विज्ञानाचा माणूस, देवाला हात जोडत नाही, पण दह्यात त्याने कधी चूक केली नाही. माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला दिलं, वेधशाळेच्या मुलाखतीला दिलं, एकदा तर अक्कलदाढ काढायला निघाले तेव्हाही दिलं, आणि वर म्हणाला, "दाढ यशस्वी होवो."

मी चपला घालून उजवा हात पुढे केला. त्याने फ्रिज उघडला. दह्याचं भांडं काढलं. चमचा हातात घेतला. आणि तसाच उभा राहिला. मग भांडं परत आत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"आंबट झालंय," तो म्हणाला.

दही मीच विरजलं होतं, आदल्या संध्याकाळी. सकाळी माझ्या भातावर घेतलं होतं. साखरेची गरज नव्हती इतकं गोड होतं.

"उन्मेष?"

"उशीर होईल तुला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लाडू खाल्लेल्या मुलासारखा झाला होता.

पुण्यापर्यंत फरीदा बोलत होती, मी खिडकीबाहेर बघत होते. त्याने नियम मोडला नव्हता. एक शब्द बोलला नव्हता. पण माझा माणूस माझ्या हातावर खोट्यासाठी दही ठेवू शकला नाही, एवढं मला कळलं. मला राग आला नाही, हे खरं सांगते. मला भरून आलं. नऊ वर्षं ज्याने पेटीचं कुलूप जिवापाड जपलं, त्याने माझी जगापुढे शोभा होऊ नये म्हणून ते किंचित किलकिलं केलं, असं वाटलं. इतकं प्रेम माझ्यावर कोणी केलं नव्हतं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "संकेत तपासला. माझ्या मते सूचना धाडण्याइतका भरवसा नाही."

फरीदाने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचं तोंड अजून आठवतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, गाडीत असं काय झालं?"

"काही नाही. पुन्हा विचार केला."

"कशावर? आकडे तर तेच आहेत."

आकडे तेच होते. वीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आले की चेहऱ्यावर जाऊ नका, आकड्यांवर जा. त्या अडीच-तीन आठवड्यांत माहेरासाठी ठेवलेला दुर्बिणीचा वेळही मी पल्सार तारे बघणाऱ्या दुसऱ्या गटाला देऊन टाकला. खोट्याच्या मागे कशाला बसायचं? घरी उन्मेष पूर्ववत जेवायला लागला. एका रविवारी त्याने पुरणपोळ्यासुद्धा केल्या, कडा जाड झाल्या, तरी दोन खाल्ल्या मी.

मार्चअखेर पेटी उघडली. हे काम दुपारी सभागृहात सगळ्यांसमोर होतं, जरा जत्रेसारखं वातावरण असतं. उन्मेष आपला संकेतशब्द टाकतो, भिंतीवर नोंदी उमटतात, आणि कोण फसलं, कोण वाचलं यावर हशा-टाळ्या. त्या वर्षी सात खोटे होते. सहा आम्ही पकडले होते. सातवा भिंगामागचा, अतिदूरचा, माझ्या माहेरी पेरलेला. त्याच्यापुढे तारीख होती फेब्रुवारीतली. त्या दिवशी दुरुस्तीसाठी सगळी वेधशाळा बंद होती, त्यामुळे तो कोणाला दिसलाच नाही.

नोव्हेंबरातल्या त्या तारखेची नोंदच नव्हती.

सभागृहात आधी कोणाला उमगलं नाही. कोणीतरी उन्मेषकडे बघून हसलं, "बंद दुकानात माल उतरवला की, शेलारसाहेब!" मग हळूहळू हसणं थांबत गेलं. मी उन्मेषकडे पाहिलं. तो नोंदीपासून एक-एक ओळ वर, पुन्हा एक-एक ओळ खाली बघत होता. त्याने असं एकच खोटं बनवलं होतं, आणि ते नोव्हेंबरात आलं असं तो धरून चालला होता. यंत्राने कधी सोडलं हे त्याला तरी कुठे माहीत होतं?

विश्व तीस कोटी वर्षांचं नसताना निघालेली ती लहर खरी होती. तिची दुसरी बहीण वळशाच्या वाटेने डिसेंबरात कधीतरी पृथ्वीवरून गेली. सकाळी गेली की संध्याकाळी, हे कळणार नाही. त्या वेळी आमच्या छत्र्या दुसरीकडे बघत होत्या, आणि जगातल्या बाकीच्या दुर्बिणींना तर कोणी सांगितलंच नव्हतं. ती आता सूर्यमाला ओलांडून केव्हाच पुढे गेली. तिच्या मागे धावायला कोणाकडे काही नाही.

फरीदा माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं तिने. "मॅडम, एक विचारू? तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"माझी शपथ?"

"नाही म्हटलं ना, फरीदा."

तिचा नव्हता का तो संकेत? पहिल्यांदा तिनेच पाहिला होता. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "मी म्हातारी झाले की नातवंडांना सांगेन, की पहिल्या ताऱ्यांचा आवाज तुमच्या आजीने ऐकला." मग तिने डोळे पुसले आणि गेली. जूनमध्ये ती परदेशातल्या एका वेधशाळेत रुजू झाली. निरोप घ्यायला घरी आली होती, पण उन्मेष घरात असताना आत आली नाही. तिला काय समजायचं ते समजलं होतं.

पेटी उघडली त्या दिवशी घरी आल्यावर उन्मेष स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. दिवेलागणीची वेळ होती, पण दिवा कोणी लावला नाही.

"मला तुझ्या हातावर दही ठेवता येईना गं," तो म्हणाला. "मला खात्री होती तो माझा आहे. मी बनवला तसाच होता, अगदी तसाच. तू तिथे उभी राहून सगळ्या जगाला सांगणार, आणि मला माहीत असणार... नाही ठेवता आलं."

"ठेवायचंस रे," मी म्हटलं. "खोट्यासाठी ठेवायचंस. हसले असते लोक. मी पुन्हा घरी आले असते, तुझ्याशी दोन दिवस भांडले असते आणि विसरून गेले असते."

"तू माझ्यावर का विश्वास ठेवलास? मी तर काही बोललोही नव्हतो."

"तुझ्यावर नाही ठेवायचा तर कोणावर?"

तो रडला. मीही रडले, पण दोघं वेगवेगळ्या खुर्च्यांवर. शेवटी तो म्हणाला, "चौकशी होईल. मी सगळं सांगेन." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याने सांगितलं तर काय होईल हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. राखणदाराने एकदा फोडलं म्हटल्यावर त्याची नऊच्या नऊ वर्षं संशयात. त्या वर्षांतला प्रत्येक निबंध, प्रत्येक पदवी, फरीदाचं सगळं काम. आणि त्याची नोकरी तर जाणारच. पण ते त्याचं त्याने ठरवायचं होतं.

चौकशी पुण्यात झाली. अध्यक्ष निंबाळकर मॅडम, मृदू बोलणाऱ्या आणि काही न विसरणाऱ्या. मी एका बाजूला, राखणदार म्हणून उन्मेष दुसऱ्या बाजूला.

"केतकीताई, आकडे इतके स्पष्ट असताना तुम्ही माघार का घेतली?"

"माझा निर्णय चुकला."

"पण कशावरून वाटलं तुम्हाला?"

"मागच्या वेळची भीती होती. कच खाल्ली मी."

हे बोलताना मला वाटत होतं की आता तो उठेल. मी त्याचं नाव घेणार नव्हते, बायकोने नवऱ्याला तिथे उभं करायचं नसतं. पण त्याने आपणहून उठावं, आणि मी त्याला खाली बसवायचा प्रयत्न करावा, आणि त्याने ऐकू नये, असं मी मनात कितीदा तरी पाहून ठेवलं होतं. वीस वर्षांचं काम गेलं ते गेलं. निदान माझ्यामागे 'ऐनवेळी घाबरलेली बाई' एवढीच ओळख राहू नये, असं वाटत होतं मला. का वाटू नये?

निंबाळकर मॅडम त्याच्याकडे वळल्या. "शेलार, पेटीतलं काही बाहेर गेलं होतं का? कोणत्याही प्रकारे?"

त्याने पाण्याचा ग्लास सरळ केला. "नाही," म्हणाला.

आवाज अगदी स्वच्छ होता. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. माझं गटप्रमुखपद त्याच संध्याकाळी गेलं. त्या लहरीवरचा निबंध पुढे छापून आला, त्यात 'दुजोरा मिळालेला नाही' असं वाक्य आहे. ते मीच लिहिलं. पहिला दिवा कधी लागला याचं उत्तर अजून कोणाकडे नाही.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती. आम्ही दोघं पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. फलटण मागे पडलं. मी मनात त्याच्या वतीने सगळी कारणं तयार केली होती. फरीदाचं काम वाचवायला बोलला असेल. वेधशाळा वाचवायला बोलला असेल. यातलं कुठलंही एक त्याने म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती, कारण ती सगळी खरीच होती. तो माफी मागता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे. भांडता तरी चाललं असतं.

वेधशाळेची हद्द आली. तिथून पुढे गाडीचं रडार बंद करावं लागतं, स्टिअरिंग हातात घ्यावं लागतं. त्याने ते घेतलं. माळ उन्हाने पिवळा पडला होता, लांबवर छत्र्या दिसायला लागल्या होत्या. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला,

"केतकी, थँक यू."

सव्वीस वर्षांत मी त्याची आजारपणं काढली, त्याच्या आईला शेवटपर्यंत भरवलं, त्याने माझे अपयशाचे दिवस काढले, माझ्या वडिलांना खांदा दिला. आम्ही एकमेकांचे कधी आभार मानले नव्हते. आपल्या माणसाचे कोणी मानत नाही. ते परक्यासाठी असतात, दाराशी पार्सल घेऊन आलेल्या माणसासाठी.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं."

परक्याला असंच म्हणायचं असतं. मग त्याने वेग कमी केला आणि गाडी आमच्या वसाहतीच्या फाटकाकडे वळवली.